बडोद्याच्या अलकापुरीतली परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी: व्हिसासाठी जा, नोकरीचं पॅकेज घेऊ नका

पाचपैकी तीन तारे. चार देणार होते, पण ‘वर्क परमिट असिस्टन्स’ नावाचं एक पॅकेज आडवं आलं. कन्सल्टन्सीचं नाव लिहीत नाही. आर. सी. दत्त रोडच्या आसपास अशी ऑफिसं दर दोन मजल्यांमागे एक आहेत, आणि हे पॅकेज वेगवेगळ्या नावांनी इतरांकडेही विकत असतील अशी मला दाट शंका आहे.

लेक एम. एस.साठी अमेरिकेला निघाली आहे. व्हिसाचं काम यांनी चोख केलं, ते आधी सांगते. डीएस-160 हा व्हिसाचा अर्ज भरून घेतला, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची 350 डॉलरची सेविस फी भरल्याची पावती हातात दिली, मुंबईच्या कॉन्सुलेटच्या मुलाखतीची तयारी करून घेतली. कागदपत्रं बघणारी मुलगी तर अशी की एफडीच्या पावतीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता तो तिने पकडला. मी निवृत्त होईपर्यंत सगळी नोकरी हिशेब तपासणीत काढली, त्यामुळे अशा माणसाची किंमत मला कळते. या मुलीला पाच तारे.

आता पॅकेज. 18,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. काउन्सेलर म्हणाले, “बेन, कॅम्पसवर काम करायला वर्क ऑथोरायझेशन लागतं, ते आम्ही इथूनच तयार करून देतो. चिंता ना करो, बधुं थई जशे.” (सगळं होऊन जाईल.) मी विचारलं, अर्ज कोणता, कुठल्या खात्याकडे जातो? त्यावर “ते सगळं आमची बॅकएंड टीम बघते.” पावतीवर कोणत्या सेवेचे पैसे म्हणून लिहिणार, असं विचारल्यावर ते पाणी आणायला उठले.

घरी येऊन मी अमेरिकन सरकारची विद्यार्थ्यांसाठीची पानं वाचली, आणि लेकीने विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल केला. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला कॅम्पसवरच्या नोकरीसाठी इमिग्रेशन खात्याकडून वेगळं वर्क परमिट काढावंच लागत नाही. पूर्ण वेळ शिक्षण चालू असेल आणि स्टेटस, म्हणजे त्या व्हिसावर राहण्याचा कायदेशीर दर्जा, नीट असेल, तर परवानगी त्या स्टेटसमध्येच असते. कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तास, सुट्टीत पूर्ण वेळ. लायब्ररीत एक आणि कॅन्टीनमध्ये एक अशा दोन नोकऱ्या धरल्या तरी मिळून 20च. असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याची विद्यापीठातलीच नोकरी, मिळाली तर तिचे तासही यातच. कॅम्पसवरचं पुस्तकांचं दुकान बाहेरच्या कंपनीचं असलं तरी ते विद्यार्थ्यांसाठी असेल तर चालतं. पण कॅम्पसवर इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराकडे काम केलं तर ते कॅम्पसवरचं धरत नाहीत.

मग कागद काहीच नाहीत का? आहेत, पण ते सगळे तिकडचे. आधी नोकरी मिळवायची. मग नोकरी देणाऱ्या विभागाचं पत्र आणि इंटरनॅशनल ऑफिसमधल्या अधिकाऱ्याचं, ज्यांना तिथे डीएसओ म्हणतात, त्यांचं पत्र. ही दोन पत्रं, पासपोर्ट, आय-20 (विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि आय-94 (देशात आल्याची नोंद) घेऊन पगारासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर काढायला त्या खात्याच्या ऑफिसात जायचं. आय-94 तर अमेरिकेत उतरल्यावरच तयार होतो, तो अलकापुरीत कुठून आणणार? देशात आल्यावर निदान 10 दिवस थांबून जा, असं ते खातं स्वतःच सुचवतं, कारण तोवर नोंदी त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसत नाहीत. नोकरी सुरू होण्याच्या 30 दिवसांपेक्षा आधी अर्ज घेत नाहीत. कार्डाची फी शून्य. नंबर यायचा बाकी असला तरी काम सुरू करता येतं. नोकरीच्या जागी आय-9 हा कामाचा हक्क तपासण्याचा फॉर्म भरायचा, तोही तिथेच. म्हणजे 18,000 रुपयांतली बॅकएंड टीम नेमकं काय बघणार होती, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पैसे गेले असते तर एक वेळ चाललं असतं, पण त्याच काउन्सेलरनी पुढे जे सांगितलं त्यासाठी मी चौथा तारा कापलाय. “20 तास कमी पडले तर बाहेर पेट्रोल पंपावर, मोटेलवर कॅशमध्ये काम मिळतं, बधा करे छे.” तेसुद्धा आईसमोर! पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर काम करायला साधारणपणे परवानगी नाही, आणि नंतर जे मार्ग आहेत ते सगळे रीतसर मंजुरीचे आहेत. विनापरवाना काम केलं की स्टेटस जातं. गेलेलं स्टेटस परत मागण्याची सोय आहे, पण तिची एक अटच अशी की अर्जदाराने विनापरवाना काम केलेलं नसावं. ‘सगळे करतात’ म्हणणारे सर तेव्हा अलकापुरीत एसीत बसलेले असतील.

माहितीपुस्तिकेतला कमाईचा हिशेबही बघून घ्या. ताशी 15 डॉलर, वर्षाचे 52 आठवडे, सुट्टीत 40 तास, आणि खाली लाल अक्षरांत ‘राहण्या-खाण्याचा खर्च निघतो’. याच बडोद्याच्या महाराजांनी 1913 साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा दरमहा 11.5 पौंड ठरवून दिले होते. निघणाऱ्याला आकडा माहीत होता. इथे नोकरी मिळेल हेच नक्की नाही. अमेरिकेत केंद्र सरकारचा किमान मजुरीचा दर 2009 पासून ताशी 7.25 डॉलर आहे. बऱ्याच राज्यांत जास्त आहे, सगळ्यांत नाही. 7.25ने 20 तासांचे आठवड्याला 145 डॉलर होतात. आम्ही कर्जाच्या हप्त्याचं गणित करताना ही कमाई शून्य धरली.

हिशेबनीस म्हणून एक गोष्ट खटकली: कराबद्दल अवाक्षर नाही. एफ-1वरच्या विद्यार्थ्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि आरोग्य विमा) या करांचे 7.65 टक्के कापत नाहीत. कापले तर परत मागायचे. भारत-अमेरिका कर करारामुळे आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, हीही घेता येते, जी बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. आणि कमाई नसली तरी 8843 हा कर खात्याचा फॉर्म दरवर्षी भरायचा असतो. पैसे घेऊन सांगण्यासारखं खरं हे होतं.

भिंतीवरचं पोस्टर सगळ्या देशांना ‘20 तास’ एवढंच लिहितं. ब्रिटनला पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सत्रात ते बरोबर आहे. कॅनडाने नोव्हेंबर 2024 पासून कॅम्पसबाहेर 24 तास केलेत, ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून पंधरवड्याला 48. हे मी रिसेप्शनवर सांगितलं. पोस्टर तसंच आहे.

पॅकेज नाकारल्यावर वागणूक बदलली नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. व्हिसाची फाइल त्या मुलीने तितक्याच मनापासून पुरी केली. जाणार असाल तर तिलाच मागून घ्या, आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. गर्दी जिन्यापर्यंत असते आणि खाली स्कूटर लावायला जागा मिळत नाही.