खिशातला ईसी मीटर: झऱ्याच्या पाण्यावर वर्षभर वापरून

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या माळावर बॉक्साइटची खाण येणार असं कळलं, त्याच आठवड्यात बेळगावहून १,७०० रुपयांचा पेनासारखा ईसी मीटर आणला. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता; पाण्यात विरघळलेले क्षार जास्त, तेवढा आकडा मोठा. खाणीआधी आमचं पाणी कसं होतं, ते आमच्याच वहीत लिहिलेलं हवं म्हणून.

दर अमावास्येला माळाखालचे तीन झरे आणि खालच्या वाडीतली विहीर मोजतो. झऱ्यांचा आकडा ३५ ते ४५ मायक्रोसीमेन्स (ईसीचं एकक), विहिरीचा ३०० च्या वर. झऱ्याचं पाणी म्हणजे जांभ्यातून पाझरलेला पाऊसच; विहिरीचं काळ्या कातळात मुरत, क्षार घेत आलेलं. जांभ्याखालच्या चिकण मातीवर पाणी अडतं आणि माळाच्या कडेला फुटतं. बॉक्साइटही त्याच जांभ्यात असतं. खणणार ते आमच्या झऱ्यांचं साठवणच!

मीटर बरोबर दाखवतो का ते तपासून जुळवायला सोबत १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणाची बाटली मिळते. एवढ्या हलक्या पाण्याला ती चालत नाही, ८४ चं द्रावण मागून घ्या. मला हे दोन महिन्यांनी कळलं. तोवरचे आकडे दहा-पंधरानं जास्त येत होते. ते खोडले, पण एकाच रेघेनं, वाचता येतील असे. टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या) बटणाकडे जाऊच नका. तो ईसीलाच गुणून दाखवतो, कुठे ०.५ नं तर कुठे ०.७ नं, मग दोन गावांचे आकडे जुळणार कसे? ईसी आणि तापमान लिहा.

पाणी किती आहे ते मात्र हा सांगत नाही. त्याला बादली लागते. मोठ्या झऱ्याखाली १० लिटरची बादली डिसेंबरात १४ सेकंदांत भरली, मे महिन्यात १ मिनिट ५० सेकंद लागले. ईसी जवळपास तोच. घागर लावून बसलेल्या मावशी म्हणाल्या, "तू आज मोजायलास, आम्ही रोज मोजतोय की." कुठल्या महिन्यात घागरीला किती थांबावं लागतं, तेही त्यांच्याकडून उतरवून घेतलं. वहीतली ती पानं मला सगळ्यांत मोलाची वाटतात.

केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार खाणीआधी होणाऱ्या पर्यावरण अहवालाला पावसाळा सोडून एका ऋतूची मोजणी पुरते. केंद्रीय भूजल मंडळ स्वतःच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. आमच्याकडे त्या अहवालासाठी आलेल्या सल्लागारांनी झरा पाहिला तो डिसेंबरात, भरलेला. म्हणून सांगतो, मीटर घेणार असाल तर वैशाख चुकवू नका.

५ पैकी ४ तारे. एक कापला तो टोपणासाठी. सैल आहे, दोनदा ओढ्यात पडलं. आता दोरी बांधून मीटर गळ्यात अडकवतो.