वायरगार्ड, लिनक्स आणि वाय-फाय: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः १४२० या आकड्याविरुद्ध

वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंत नेणारा एन्क्रिप्टेड बोगदा. १४२० हा त्या बोगद्याचा डीफॉल्ट एमटीयू, म्हणजे एका पॅकेटाची बाइटमधली कमाल लांबी. मांडणी अशी: उबंटू २४.०४, नेटवर्कमॅनेजरमधून (लिनक्समधला नेटवर्क-जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) चालवलेलं वायरगार्ड, इंटेलचं वाय-फाय कार्ड, ऑफिसचा सर्व्हर आयपीव्ही४ वर (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत, नवी ती आयपीव्ही६). घरी फायबर, ते नसेल तेव्हा फोनचा हॉटस्पॉट. किल्ल्या कशा बनवायच्या वगैरे इथे नाही, ते सगळीकडे सापडतं. मार्च २०२० मध्ये ५.६ कर्नलात आल्यापासून वायरगार्डसाठी वेगळं मॉड्यूलही बसवावं लागत नाही. वेग उत्तम. झाकण उघडलं की जोडणी जिवंत. वाय-फायवरून हॉटस्पॉटवर उडी मारली तरी एसएसएचचं (दूरच्या मशीनवर टर्मिनलातून काम करायचं) सत्र सहसा तुटत नाही. एवढ्यावर पाचपैकी पाच द्यायला हरकत नव्हती. भांडण आहे ते एमटीयूशी.

पुण्यात गुरुवार हा वीज-देखभालीचा वार. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तरी इमारतीतल्या नेटवाल्याच्या स्विचला बॅकअप नसेल तर राउटरचे दिवे चालू आणि नेट बंद. मग हॉटस्पॉट. आता लक्षणं बघा: पिंग जातं, एसएसएचने लॉगिन होतं, छोट्या आज्ञा चालतात. पण लांबलचक लॉग उघडला की टर्मिनल थिजतं, गिट पुश मध्येच अडकतं, ऑफिसचं वेबपान टीएलएस हँडशेकवर (एन्क्रिप्शनची सुरुवातीची देवाणघेवाण) लटकतं, कारण सर्टिफिकेटची पॅकेटं मोठी असतात. छोटं सगळं जातं, मोठं काहीच जात नाही. हे लक्षण दिसलं की डीएनएसला हात लावू नका, क्लायंट पुन्हा बसवू नका आणि तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन नवा यूएसबी डोंगल तर अजिबात आणू नका. स्वस्त डोंगलांतल्या बऱ्याच चिप्सचा ड्रायव्हर कर्नलाबाहेरचा असतो आणि कर्नल अपडेट झालं की तोच पहिला मोडतो. पैसेही गेले आणि दुखणंही वाढलं.

हिशेब साधा आहे. आयपीव्ही४ वर वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला ६० बाइट चढवतं: २० आयपीचे, ८ यूडीपीचे (वायरगार्ड ज्या प्रोटोकॉलवरून जातं तो), ३२ स्वतःचे. आयपीव्ही६ वर ८०. बोगद्याचा डीफॉल्ट एमटीयू १४२० आहे तो १५०० मधून हे ८० वजा करून. घरच्या पीपीपीओईवर (नेटवाल्याकडे लॉगिन करून जोडायची पद्धत) वाट १४९२ ची असते. १४२० आणि ६० मिळून १४८०, म्हणजे बसतं. त्यामुळेच घरी कधी त्रास होत नाही. बऱ्याच मोबाईल नेटवर्कांवर मात्र फोनला फक्त आयपीव्ही६ मिळतो आणि आयपीव्ही४ ची पॅकेटं फोनमध्येच आयपीव्ही६ मध्ये बदलली जातात. आयपीचं हेडर २० चं ४० होतं. १४८० चे झाले बरोबर १५००, एक बाइटही शिल्लक नाही. आणि मोबाईलची वाट बहुधा पूर्ण १५०० ची नसतेच, कारण कंपनीच्या आत तो ट्रॅफिक आणखी एका बोगद्यातून जातो. पुढे कुठे पॅकेटाचे तुकडे पडतात, कुठे ते तुकडेच टाकून दिले जातात, आणि लॅपटॉपला कोणी काही कळवत नाही.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. डब्ल्यूजी-क्विक (वायरगार्डसोबत येणारी जोडणीची स्क्रिप्ट) निदान जोडताना बाहेरच्या इंटरफेसचा एमटीयू पाहून आकडा ठरवतं. नेटवर्कमॅनेजर तेही करत नाही आणि त्याच्या दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. हॉटस्पॉटवर दोघांचंही उत्तर मात्र १४२० च, कारण लॅपटॉपला दिसणारं वाय-फाय १५०० चंच असतं. पुढची वाट अरुंद आहे हे त्याला कळणार कसं?

मोजायची पद्धत: हॉटस्पॉट चालू, व्हीपीएन बंद. पिंगला मोठ्या लिपीतल्या 'एम' पर्यायात 'डू' द्या, म्हणजे तुकडे करायला मनाई, आणि छोट्या लिपीतल्या 'एस' पर्यायात १४७२ पासून दहा-दहाने उतरत या. 'मेसेज टू लाँग' असं उत्तर आलं तर वाटेत कोणीतरी प्रामाणिक आहे. नुसतीच शांतता असेल तर पॅकेट गिळलं जातंय. ज्या सर्वांत मोठ्या आकड्याला उत्तर येतं त्यातून ३२ वजा करा, तो तुमचा एमटीयू. आयपीव्ही६ वर मोजलं तरी ३२ च वजा होतात. मग एनएमसीएलआयच्या (नेटवर्कमॅनेजरची टर्मिनलमधली आज्ञा) 'कनेक्शन मॉडिफाय'मध्ये 'वायरगार्ड डॉट एमटीयू' बदला आणि जोडणी बंद करून पुन्हा चालू करा. टीसीपीसाठी फक्त लॅपटॉपच्या बाजूला बदल पुरतो, कारण १२८० ठेवलं की लॅपटॉप समोरच्याला १२४० चा एमएसएस (एका टीसीपी पॅकेटात मावणारा कमाल डेटा) सांगतो. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारं साधन) वापरत असाल तर हे पुरणार नाही. कंटेनर आपल्या १५०० च्या ब्रिजवरून १४६० सांगत राहतात. डीमनच्या जेसन फाइलमधली 'एमटीयू'ची ओळ फक्त डीफॉल्ट ब्रिजला लागू होते. कंपोजच्या नेटवर्कांना तो आकडा वेगळा द्यावा लागतो.

१२८० च्या खाली जाऊ नका, लिनक्स त्या इंटरफेसवरचं आयपीव्ही६ बंद करून टाकतं.

इथवरचा मजकूर पावसाळ्यात लिहिलेला. तेव्हाचं मत असं होतं की घरी १४२० आणि हॉटस्पॉटला १२८०, आणि ते आपोआप बदलायला नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचरमध्ये (नेटवर्क बदललं की स्क्रिप्ट चालवणारा भाग) एक स्क्रिप्ट. ती चालते, फक्त मालक रूट हवा आणि इतरांना लिहायची परवानगी नको, नाहीतर ती चालवलीच जात नाही. दिवाळीनंतर मात्र ती स्क्रिप्ट काढून टाकली. १०० एमबीपीएसच्या फायबरवर १४२० आणि १२८० मधला फरक हाताला लागत नाही. सरळ सगळीकडे १२८० ठेवा आणि विसरा.

दुसरी तक्रार व्हीपीएनच्या नावावर खपते, पण ती वाय-फायची आहे: एसएसएचमध्ये टाइप करताना अक्षरं थांबून थांबून उमटतात. आधी राउटरलाच पिंग करा. तिथेच शंभर-दोनशे मिलिसेकंद लागत असतील तर कार्ड वीज वाचवायला झोपतंय. राउटरचा बीकन (ठरावीक वेळाने येणारा इशारा) साधारण १०२ मिलिसेकंदांनी येतो आणि तोवर तुमची पॅकेटं राउटरपाशी पडून राहतात. त्या वाय-फाय जोडणीच्या 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह'ला २ द्या, झोप बंद. पेठेतल्या जाड भिंतींच्या घरात कार्ड ५ आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये हेलपाटे घालत असेल तर 'वायफाय डॉट बँड' एकावर पक्का करा. भिंतीपलीकडे बसणार असाल तर २.४ च घ्या.

वायरगार्डचा सर्वांत वाईट गुण म्हणजे त्याचं मौन. सर्व्हर मेलेला असला तरी वरच्या पट्टीतलं चिन्ह 'जोडलेलं' दाखवतं, कारण 'जोडणी' अशी गोष्ट त्याच्या लेखी नसतेच. खरं उत्तर 'डब्ल्यूजी शो'मधल्या 'लेटेस्ट हँडशेक'च्या ओळीत. कीपअलाइव्ह (वाट जिवंत ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंदांवर ठेवलेलं असताना तीन मिनिटांत हँडशेक नसेल तर पलीकडे कोणी नाही. डेटा पॅकची काळजी करणाऱ्यांसाठी: दर २५ सेकंदांना ६० बाइट, म्हणजे दिवसाला सुमारे २०० केबी, हँडशेक धरून अर्ध्या एमबीच्या आत. ते वाचवायला कीपअलाइव्ह बंद केलं तर नॅट (अनेक उपकरणांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी यंत्रणा) वाट विसरतो आणि बाहेरून तुमच्याकडे काहीच पोचत नाही.

किरकोळ: फाइल आयात केली की 'ऑटोकनेक्ट' चालू असतं, ते बंद करा. एफसी रोडवरच्या कॅफेत फोन नंबर मागणारं लॉगिनपान उघडत नसेल तर आधी बोगदा बंद, मग लॉगिन, मग बोगदा. ऑफिसचं आणि कॅफेचं नेटवर्क दोन्ही १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर गोंधळ अटळ. ऑफिसवाल्यांना मागे लागून पत्त्यांचा पट्टा बदलून घ्या.

ओपनव्हीपीएन (टीसीपीवरही चालणारं दुसरं व्हीपीएन) मात्र अजून लॅपटॉपवर ठेवलेलं आहे. नमुना कॉन्फिगमधले कीपअलाइव्हचे १० आणि १२० सेकंद तसेच ठेवले की नेटवर्क बदलल्यावर ते दोन मिनिटं गप्प बसू शकतं, आणि टीसीपीवर टीसीपी चढवलं की खराब वाय-फायवर दोन्ही थर एकाच वेळी पुन्हापुन्हा पाठवत बसतात. पण काही हॉटेलांच्या वाय-फायवर यूडीपीच बंद असतो. तिथे वायरगार्डचं काही चालत नाही, टीसीपी ४४३ (सुरक्षित वेबपानांचं पोर्ट) वरचं ओपनव्हीपीएनच कामाला येतं.