अक्कलदाढ काढताना डेक्सा हे स्टिरॉइड घेतलं: सुजेला ५ पैकी ५, दुखण्याला जेमतेम २

स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, २०२१ मधे कोरोनानंतर म्युकरचा धुमाकूळ झाला तेव्हापासून तर जास्तच. आई फोनवर दोनदा म्हणाली, अरे दाताला कशाला स्टिरॉइड. पण माझी खालची उजवी अक्कलदाढ त्याच्याशिवाय निघाली होती आणि यावेळी डावीला मिळालं, दोन्ही आडव्या, दोन्हीकडे हाड थोडं कापावं लागलं, त्यामुळे फरक स्वतःच्याच थोबाडावर बघायला मिळाला.

सर्जन मॅडमनी आधी शुगर, अ‍ॅसिडिटी, चालू गोळ्या सगळं विचारलं, मग भूल दिल्यावर दाढेजवळच्या गालाच्या आतल्या बाजूला ८ मिलीग्रॅम डेक्सामेथासोन टोचलं. भूल चढलेली असल्याने सुई कळलीच नाही. एकच डोस, कारण सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि डेक्साचा असर दीड-दोन दिवस टिकतो, म्हणजे नेमका वाईट काळ बराचसा निघून जातो.

उजवीच्या वेळी गालात लाडू कोंबल्यासारखा दिसत होतो, जबडा इतका आखडला की चमचा आत जाईना, पेज वाटीला तोंड लावून प्यायलो. यावेळी गाल थोडा जड, बस, तिसऱ्या दिवशी वरणभात कालवून नीट खाल्ला आणि ऑफिसच्या कॉललाही कॅमेरा चालू ठेवला!

दुखण्याचं म्हणाल तर भूल उतरली तसं ठणकायला लागलंच, आयबुप्रोफेन लागलीच, ती पण जेवणानंतर, कारण स्टिरॉइडच्या जोडीला ती पोटाला जास्त त्रास देऊ शकते. ड्राय सॉकेटची (दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडण्याची) भीती पण यामुळे जात नाही, त्यामुळे स्ट्रॉ नाही, सिगरेट नाही, बर्फ शेकणं आहेच.

डायबेटीसवाल्यांनी आधी सांगाच, एका डोसनेही शुगर वर जाते. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून घेऊ नका, इन्फेक्शन असेल तर लेनेके देने पडतील.

औषध तसं अगदी स्वस्त, बिलात वेगळं जाणवलंही नाही. एक तक्रार म्हणजे झोप. मला संध्याकाळचाच स्लॉट मिळाला आणि रात्रभर टक्क जागा, चेहरा पण लालबुंद गरम, सकाळी कळलं की हे डेक्साने होतं. सकाळची अपॉइंटमेंट मिळत असेल तर तीच घ्या.