पेपर कुठे उघडायचा? गावचं वाचनालय आणि तालुक्याची अभ्यासिका

भरतीची जाहिरात निघाली की गावातली दोन-तीन पोरं हमखास घरी येतात. प्रश्न एकच: "दादा, तालुक्याला अभ्यासिका लावू, की इथेच वाचनालयात बसू?" मी दोन्हीकडे बसलो आहे. आधी सात महिने अभ्यासिकेत, मग जवळपास दीड वर्ष गावच्या सार्वजनिक वाचनालयात. आज एका सरकारी कचेरीत कारकून आहे, कलेक्टर नाही. माझ्या बोलण्याला वजनही तेवढंच द्यावं.

अभ्यासिकेत मिळणारी शांतता गावात मिळत नाही, हे कबूल. उन्हाळ्यात तर तिला तोड नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि वाचनालयाचं छत टिनाचं. दुपारी बारानंतर तिथे पुस्तकसुद्धा गरम लागतं. कूलर आहे, पण त्यात बादलीने पाणी भरायचं काम बसणाऱ्याचंच. अभ्यासिकेत एसी, पाण्याची कॅन, लाइन गेली तर इन्व्हर्टर आणि बऱ्यापैकी वायफाय. वायफायचं महत्त्व कमी धरू नका. 2023 ची तलाठी भरती सुरुवातीला 4,644 जागांची होती आणि परीक्षा झाली संगणकावर. सराव पेपर संगणकावरच सोडवलेले बरे. वाचनालयातही एक संगणक आहे, पण त्याच्यावरची फुलाफुलांची चादर मी दोनदाच निघालेली पाहिली.

मग अभ्यासिका का सोडली? पेपरमुळे. प्रश्नपत्रिका नव्हे, रोजचं वर्तमानपत्र.

अभ्यासिकेतलं केबिन अडीच फुटांचं. पेपर उघडला की दोन्ही कोपर पार्टिशनला लागतात. घडी घालून वाचावा तर दर घडीला करकर. त्या सुन्न शांततेत पेपरचं पान उलटणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत ताट पडल्यासारखं. पहिल्या आठवड्यात मागून नुसती खाकरणी आली. दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला: सीट नंबर 31, कृपया पेपर बाहेर वाचावा. बाहेर म्हणजे जिना. खाली पानठेला, वर कोचिंग क्लास. प्रत्येक अग्रलेखाला मी निदान चारदा उठून लोकांना वाट दिली असेल. महिनाभर तसंच वाचलं. मग कोणी म्हणालं, मोबाइलवर ई-पेपर वाच. तोही करून पाहिला. बोटांनी पान मोठं करता करता मी दहाव्या मिनिटाला क्रिकेटच्या व्हिडिओवर असायचो. दोष माझाच.

खरं तर अभ्यासिकेचं काही चुकलं नव्हतं. शेजारचा मुलगा गणितं करत होता, त्याला त्रास होणारच. पण सामान्य ज्ञान हा माझा कच्चा विषय, आणि तो ज्यातून पक्का व्हायचा ती एकच वस्तू तिथे उघडता येत नव्हती. महिन्याचे सहाशे रुपये देऊन जिन्यावर बसणं मनाला पटेना.

वाचनालयात उलटं. सकाळी आठला दार उघडलं की लांब टेबलावर लोकमत, देशोन्नती आणि आणखी दोन पेपर पसरलेले, आणि नऊपर्यंत एकही पेपर सलग राहत नाही. पहिलं पान एकाकडे, शेतीचं दुसऱ्याकडे. "मधलं पान इकडे दे न बाबू" हे वाक्य दिवसातून वीसदा. आवाज विचाराल तर बाजार. कापसाला काय भाव फुटला यावरून रोज वाद, आणि एक निवृत्त गुरुजी निधनवार्ता मोठ्याने वाचणार.

याच गुरुजींनी एकदा मला अडवलं. मी राज्याच्या इतिहासाचं काहीतरी पाठ करत होतो. म्हणाले, "काहून रे, 1956 पावतर आपण कोणत्या राज्यात होतो, सांग?" मी म्हटलं, मुंबई. "मध्य प्रदेशात होतो बाप्पा! अन् नागपूर राजधानी होती. मी तवा चौथीत होतो." मग 1953 चा नागपूर करार, त्यातलं नागपुरात अधिवेशन भरवण्याचं ठरणं, 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात जाणं, हे सगळं त्यांनी भाव पाहायला आलेल्या दोन शेतकऱ्यांसमोर सांगितलं, आणि त्या दोघांनी वेगळ्या विदर्भावरून भांडण सुरू केलं. गाइडमध्ये हे दोन ओळींत होतं आणि दर आठवड्याला मी ते विसरत होतो. त्या दिवसानंतर विसरलो नाही. प्रत्येकाला हे असंच लागू पडेल, असं मी म्हणणार नाही.

वाचनालयाचा खरा ताप दुसराच. तिथे बसणारा शिकलेला पोरगा म्हणजे गावाचं फुकट सेतू केंद्र, सरकारी कागदपत्रं करून देणारं. ई-पीक पाहणी आली की कपाशीचे फोटो माझ्या मोबाइलवरून. कोणाच्या आईची केवायसी, कोणाचा सातबारा, कोणाचा विम्याचा अर्ज. ग्रंथपाल काका स्वतःच लोकांना माझ्याकडे धाडायचे. हंगामात रोजचा तास-दीड तास जायचा. ज्याला नाही म्हणता येत नाही आणि परीक्षा दोन महिन्यांवर आहे, त्याने खुशाल अभ्यासिका लावावी. मलाही नाही म्हणता येत नव्हतं, पण त्या निमित्ताने महसुलाचे शब्द तोंडात बसले. गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, ही काय चीज आहे ते मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं.

पुस्तकांच्या बाबतीत भलती आशा ठेवू नका. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यातल्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदान मिळतं, आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आमचं ड, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं. अख्ख्या वाचनालयात माणूस एकच, आणि काकांना जे मिळतं त्याला पगार म्हणायला जीभ अडखळते. अनुदान हप्त्याने येतं. त्यातूनच काका, पेपरवाला, लाइटबिल आणि पुस्तकं. 2022 मध्ये 60 टक्के वाढ मंजूर झाली तेव्हा काकांनी सगळ्यांना चहा पाजला होता. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडूनही पुस्तकं येतात, पण त्यात कथा-कादंबऱ्या, चरित्रं जास्त. ताज्या आवृत्तीचं गाइड सापडेलच असं नाही. आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक संच घेतला आणि काकांच्या कपाटात ठेवला, म्हणून भागलं. तुमच्या तालुक्याला अ वर्गाचं वाचनालय असेल तर आधी तिथे एक चक्कर मारा. काही ठिकाणी स्वतंत्र अभ्यास कक्ष असतो. तसा मिळाला तर माझी ही सगळी तुलनाच बाजूला ठेवा.

मुलींसाठी गणित थोडं बदलतं. 17 मार्च 2023 पासून एसटीत त्यांना निम्मं तिकीट लागतं, त्यामुळे तालुका पूर्वीइतका महाग राहिला नाही, आणि अभ्यासिकेत त्यांची रांगही वेगळी असते. आमच्या वाचनालयात मात्र सकाळच्या पेपरच्या गर्दीत मुली फिरकत नाहीत. त्या दुपारी येतात, तेव्हा टिन तापलेलं असतं. माझी चुलत बहीण महिनाभर आली आणि शेवटी तालुक्यालाच गेली. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. परतीची शेवटची एसटी गाठायला मात्र तिला रोज अभ्यासावरून अर्धा तास आधी उठावं लागायचं.

पैशांचं सांगायचं तर अभ्यासिकेचे सहाशे, वर रोजचं जाणं-येणं. वाचनालयात पेपर वाचायला काहीच लागत नाही. पुस्तक घरी न्यायचं असेल तर वर्षाची थोडी वर्गणी आणि एकदा अनामत. माझी दोनशे रुपये अनामत अजून तिथेच जमा आहे. नोकरी लागल्यावर काकांनी विचारलं, "बाबू, परत देऊ का?" मी म्हटलं, राहू द्या. सुटीत घरी गेलो की सकाळी आठला मी अजून तिथेच असतो, आणि मधलं पान बहुतेक गुरुजींकडे असतं.