'दऱ्या' शोधल्या की शून्य : कोहाच्या झेब्राचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं छोटं वाचनालय आहे. पुस्तकं साधारण अकरा हजार, बहुतेक मराठी. मी इथली ग्रंथपाल. कार्डांचे खण बंद करून आम्ही 'कोहा' घेतलं, त्याला आता दोन वर्षं झाली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये सुरू झालेली ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली मोफत आणि मुक्त आहे. तिच्यात शोधण्याचं काम 'झेब्रा' करतं, आणि मला लिहायचंय ते या झेब्राबद्दल.

आमच्याकडे रोज संध्याकाळी एक काका येतात. त्र्यंबककडचे सगळे डोंगर त्यांच्या पायाखालचे. एकदा त्यांनी 'दऱ्या' टाकून शोधलं, तर उत्तर शून्य. ते म्हणाले, "अहो मॅडम, पुस्तक तर मला त्या तिसऱ्या कपाटात दिसतंय!" पुस्तक घरात असून वाचकाला नाही म्हणायचं, याचं फार वाईट वाटलं.

कोहा बसवून देणाऱ्यांनी झेब्राला युरोपीय अक्षरांचाच तक्ता ठेवला होता. तो काढून जगातल्या बहुतेक लिप्या हाताळणारं 'आयसीयू' लावल्यावर बाकीचं मराठी सापडायला लागलं होतं, पण दऱ्या, शेतकऱ्या, वाऱ्यांमधला तो आडवा अर्धा र अडलेलाच होता. नोंदी करणारे आमच्याकडे दोघं. एकाच्या कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ उमटायचा. दुसऱ्याच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, झेब्राला मात्र दोन वेगळे शब्द.

उपाय आयसीयूच्या नियमांच्या फाइलमध्ये निघाला. त्यात एक 'ट्रान्सलिटरेट'चा नियम घातला: ऱ आला तर र धर, अदृश्य खूण गाळ. मग झेब्राची निर्देशिका, म्हणजे शोधायच्या शब्दांची यादी, नव्याने बनवायला टर्मिनलमध्ये 'कोहा-रिबिल्ड-झेब्रा', पुढे हायफन एफ आणि आपल्या कोहाचं नाव. हा 'एफ' विसरू नका. तो नसेल तर फक्त नव्या-बदललेल्या नोंदी घेतल्या जातात, जुन्या तशाच राहतात. नोंदी भराभर सरकताना दिसाव्यात म्हणून मी हायफन व्हीसुद्धा लावते. आमच्या साध्या संगणकावर चहा संपायच्या आत काम उरकलं. तेवढ्या वेळात वाचकांना शोधात काही सापडत नाही, म्हणून हे काम वाचनालय बंद झाल्यावरच करावं.

पहिल्या दिवशी मी झेब्राचा सर्व्हर पुन्हा सुरू केला नव्हता. निर्देशिका नवी झाली, पण वाचकाने टाकलेला शब्द जुन्याच नियमाने वाचला जात होता, आणि पुन्हा शून्य. अर्धा तास डोकं धरून बसले. सर्व्हर रीस्टार्ट केला आणि दऱ्याखोऱ्यांची सात पुस्तकं ओळीने आली. काकांना लगेच फोन केला.

झेब्राऐवजी 'इलास्टिकसर्च' हे दुसरं शोधयंत्रही कोहाला जोडता येतं, पण त्याला मेमरी बरीच लागते. आमच्यासारख्यांना झेब्राच परवडतं, आणि ते मनापासून सुचवते. एक किंमत मात्र मोजावी लागते. आता 'दऱ्या' शोधल्या की 'दर्या'ही येतो, आणि स्वयंपाकाचं पुस्तक हवं म्हणून 'आचाऱ्यांचे' टाकलं की 'आचार्यांचे'ही समोर येतात. नको असलेली चार पुस्तकं दिसली तरी चालतील, असं मी ठरवलंय. सध्या मी 'मार्क' या ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या साच्यातला २४५ टॅग, म्हणजे शीर्षकं, एकेक करून तपासतेय. दोन्ही कीबोर्डचा र एकच, म्हणजे टिंबाचा ऱ, झाला की तो अदृश्य खुणेचा नियम ठेवीन आणि ऱ चा काढून बघीन.