बागेत तळं करून घेताय? आधी कागद उलटा करून बघा

नाशिकमध्ये हल्ली बंगल्यांच्या बागेत, गच्चीवर 'लिली पॉन्ड' करून देणारे बरेच फिरताहेत. सगळेच लबाड नसतील. आम्हाला भेटला तो मात्र पक्का होता.

8 बाय 5 फुटांचं तळं, खाली 500 मायक्रॉनचा शेततळ्याचा प्लास्टिक कागद, कमळं, मासे आणि 5 वर्षांची गॅरंटी, असा सौदा 32 हजारांत ठरला. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले काम झाल्यावर. बिल 'नंतर पाठवतो, दादा'. ते आजतागायत आलेलं नाही.

पाणी भरलं आणि पातळी उतरायला लागली. फोन केला की उत्तर ठरलेलं, "काकू, उन्हाळा आहे, वाफ होणारच." आई रोज पाइप लावून बसायची. शेवटी तिनेच तळ्याच्या काठावर एक बादली भरून ठेवली. सकाळी बादलीतलं पाणी जेमतेम नखभर कमी झालं होतं, तळ्यातलं चांगलं चार बोटं. आता ऊन काय बादलीला वेगळं आणि तळ्याला वेगळं पडतं का?

निफाडहून मामेभाऊ आला होता. त्याची द्राक्षबाग आहे, स्वतःचं शेततळं आहे. त्याने काठावरचे दगड सरकवले, कागदाची कड चिमटीत धरून चोळली आणि उलटी केली. वरून काळा, आतून चंदेरी! "अरे, हा तर टोमॅटोचा मल्चिंग पेपर!" तण येऊ नये म्हणून रोपांभोवती मातीवर अंथरतात तो मल्चिंगचा कागद असतो 25-30 मायक्रॉनचा. त्याचा रोल चार फुटी, म्हणून तळाशी मधोमध जोड, आणि तो जोड पॅकिंगच्या खाकी टेपने चिकटवलेला. शेततळ्याचा खरा कागद अर्धा मिलिमीटर जाड असतो, हाताला ताडपत्रीसारखा भरीव लागतो, त्यावर आयएस 15351 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो आणि जोड गरम मशीनने वितळवून बसवतात. अंथरण्याआधी तो छाप बघा, फोटो काढा, मगच पाणी सोडू द्या.

झाडांची तऱ्हा वेगळीच. 'विदेशी तरंगतं कमळ' म्हणून नगाला 80 रुपये लावले, ती निघाली जलपर्णी. गोदावरीतून महापालिका काढून काढून थकते तीच. विदेशी म्हणाला ते तेवढं खरं, मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे. कुणी गळ्यात मारली तर नदी-नाल्यात टाकू नका, उन्हात वाळवून खड्ड्यात कुजवा.

कमळाच्या नावाखाली दिली साधी लिली. लिलीच्या पानाला देठापर्यंत चीर असते. कमळाचं पान अखंड गोल, पाण्याच्या वर उभं राहणारं, त्यावर थेंब ठरत नाही. शिवाय कुंड्या कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याने भरलेल्या, पाण्यात बुडवताच सगळं वर तरंगलं. पाणवनस्पतींना चिकण काळी माती लागते, वरून खडीचा थर.

गॅरंटीचा व्हॉट्सॲप मेसेज आणि यूपीआयच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्या घेऊन 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

तो अजून कामं घेतोय. आमच्याच तळ्याचा पहिल्या दिवशीचा फोटो जाहिरातीत फिरवतो. काठाला लाल जांभ्याचे दगड आणि पाण्यात जांभळी फुलं आलेली जलपर्णी दिसली, की तोच समजा.