डीपीपीएच पावडर: धातूंच्या कॉम्प्लेक्सच्या चाचणीसाठी कितपत उपयुक्त?

कर्क्युमिन (हळदीतील पिवळे रंगद्रव्य) आणि तांबे यांचे कॉम्प्लेक्स, म्हणजे दोन्ही जोडून बनलेले संयुग, मुक्त मूलकांना (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या कणांना) किती प्रमाणात निष्प्रभ करते हे पाहण्यासाठी आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डीपीपीएचची १ ग्रॅमची बाटली मागवली होती. वर्षभराच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

डीपीपीएच हे स्वतःच मुक्त मूलक असूनही इतके स्थिर असते की ते पावडरच्या रूपात विकत मिळते. मिथेनॉलमधील त्याचे गडद जांभळे द्रावण अँटिऑक्सिडंटकडून (मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थाकडून) हायड्रोजन मिळताच पिवळे पडू लागते आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण किती घटले यावरून त्या पदार्थाची क्षमता ठरवता येते. ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलिलिटरला अवघी ३.९४ मिलिग्रॅम पावडर लागते, म्हणजे एका बाटलीत सुमारे २५ लिटर द्रावण होते. त्यामुळे आधी जास्त वाटलेली किंमत आता रास्त वाटते. एस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) घालताच क्युव्हेटमधला (मापनाच्या छोट्या पारदर्शक पात्रातला) जांभळा रंग डोळ्यांदेखत उतरतो, तेव्हा विद्यार्थ्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

पुरवठादाराने मात्र २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची ही बाटली ऐन मे महिन्यात बर्फाच्या पिशवीशिवाय पाठवली, हे अजिबात योग्य नव्हते.

धातूंच्या कॉम्प्लेक्ससाठी ही पावडर वापरताना खरी काळजी रंगाची घ्यावी लागते. आमचे कॉम्प्लेक्स तपकिरी होते आणि मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नसल्याने ते डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळवून घालावे लागले. तरीही जास्त संहतीला द्रावण किंचित गढूळ झाले. रंग आणि गढूळपणा या दोन्हींमुळे शोषण वाढते आणि कॉम्प्लेक्स प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा दुबळे भासते. प्रत्येक संहतीसाठी डीपीपीएचविरहित ब्लँक (तुलनेसाठीचा नमुना) वेगळा घेतल्यावरच आमचे आकडे जुळू लागले. सोबतच्या माहितीपत्रकात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

आणखी एक मर्यादा मला महत्त्वाची वाटते. तांब्याच्या कॉम्प्लेक्सकडे संशोधक वळले ते मुख्यतः सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकरामुळे (एन्झाइममुळे); सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या मूलकाला ते निष्प्रभ करते. जीवरसायनशास्त्रज्ञ मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्याचे कार्य उलगडले. त्याच्या एका प्रकारातील तांबे आळीपाळीने इलेक्ट्रॉन घेते आणि देते, आणि त्यातून सुपरऑक्साइडचा निकाल लागतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही कर्क्युमिन-तांबे कॉम्प्लेक्सचा याच अंगाने अभ्यास झाला आहे. हे काम डीपीपीएचच्या चाचणीत दिसत नाही. शिवाय कॉम्प्लेक्समधून सुटलेले तांबे हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर उलट हायड्रॉक्सिल मूलके तयार करू शकते, आणि तेही या जांभळ्या द्रावणातून कळत नाही. म्हणून पुढच्या मागणीत डीपीपीएचसोबत सुपरऑक्साइडच्या चाचणीसाठी एनबीटी हे अभिकारकही मागवले आहे.